गाडी फटाके कां मारते ? कार्बोरेटरचा दोष किती व हवेचा किती

दुचाकी गाडी ही आतां शेतकऱ्याच्या घरीं चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. दुधाचे कॅन, भाजीचीं गाठोडीं, खताचें पोतें, औषधाचा डबा, मुलांची शाळा, हीं सर्व कामें तिच्यावरच होतात. गेल्या कांहीं वर्षांत तिच्या जोडीस तण काढण्याचें पॉवर वीडर, गवत कापण्याचें यंत्र आणि फवारणीचें पेट्रोल इंजिन हींही येऊन बसलीं आहेत. या सर्वांचीं इंजिनें एकाच कुळींतील असल्यामुळें त्यांचीं दुखणींही बहुतांशीं सारखींच असतात. त्यांपैकीं एका दुखण्याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. चालत्या इंजिनांतून मध्येंच बंदुकीच्या बारासारखा आवाज निघतो, तें हें दुखणें होय. गॅरेजांत यास बॅकफायर म्हणतात. गांवांत 'गाडी फटाके मारते' असें म्हणतात.

हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, असा आवाज होऊं लागला म्हणजे शेतकरी गाडी घेऊन गॅरेजांत जातो, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यास 'कार्बोरेटर गेला' एवढेंच उत्तर मिळतें. नवा कार्बोरेटर बसतो, पैसे जातात, आणि फटाके कित्येकदां तसेच राहतात. दुसरें असें कीं, अलीकडे पेट्रोलच बदललें आहे, आणि तो बदल आपल्याच उसाच्या व मक्याच्या शेतांतून आलेला आहे. आम्ही यंत्रशास्त्र शिकलेले नाहीं. आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. परंतु हिशेबाचा मेळ बसत नसला म्हणजे चूक जमेकडे आहे कीं खर्चाकडे, हें आधीं पाहावें लागतें, एवढें त्या दप्तरानें आम्हांस शिकविलें. आणि जाणत्या मिस्त्र्यांजवळ बसून विचारपूस करतां असें आढळलें कीं, इंजिनासही तोच न्याय लागू पडतो. बार कार्बोरेटरच्या तोंडांतून होतो कीं सायलेन्सरमधून होतो, आणि तो कोणत्या वेळीं होतो, हें ओळखलें कीं निम्में काम झालें.

प्रथम कार्बोरेटरचें काम काय तें पाहूं. पेट्रोल हें द्रवरूपांत जळत नाहीं. त्याची वाफ हवेंत मिसळली म्हणजे ती जळते, आणि तीही वाटेल त्या प्रमाणांत नव्हे. वजनानें एक भाग शुद्ध पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण चटकन् लक्षांत येत नाहीं, म्हणून मापानें सांगतों : एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारें नऊ हजार लिटर हवा लागते, म्हणजे दोनशे लिटरचीं पंचेचाळीस पिंपें भरून ! आपण पंपावर किंमत देतों ती पेट्रोलाची. इंजिन खातें ती मुख्यतः हवा. ह्या दोहोंचा मेळ घालणारा कारकून म्हणजे कार्बोरेटर.

त्याची युक्ति पाटकऱ्यास समजण्यासारखी आहे. कालव्याचें पाणी रुंद पात्रांतून अरुंद मोरींत शिरलें कीं त्याचा वेग वाढतो, हें पाटावर पाणी धरणाऱ्या प्रत्येकानें पाहिलें आहे. वेग वाढला कीं त्या प्रवाहाचा दाब कमी होतो, ही गोष्ट मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. ती डॅनिएल बर्नुली या गणितज्ञानें १७३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडली, आणि इटलींतील व्हेंचुरी यानें त्याच शतकाच्या अखेरीस अरुंद गळ्याच्या नळ्यांवर प्रयोग करून दाखविली. कार्बोरेटरचा गळा असाच मध्यें अरुंद असतो. दट्ट्या खालीं जातांना हवा ओढतो. ती गळ्यांतून वेगानें जाते. तेथील दाब कमी झाल्यामुळें खालच्या वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर चढतें व तुषारांच्या रूपानें हवेंत मिसळतें. डांसांवर औषध मारण्याचा जुना हातपंप ज्यांनीं वापरला असेल त्यांस हें लगेच कळेल. जर्मनींतील विल्हेल्म मायबाख यानें असा तुषारी कार्बोरेटर १८९३ च्या सुमारास तयार केला; तत्पूर्वीं पेट्रोलाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ गोळा करीत असत.

वाटींतील पेट्रोल ठराविक उंचीवरच राहावें म्हणून तींत एक फ्लोट तरंगत असतो. घरच्या पाण्याच्या टाकींत गोळा वर आला कीं नळ बंद होतो, तोच हा प्रकार. पेट्रोलाच्या छिद्रास जेट म्हणतात. इंजिन उभ्या जागीं मंद चालतें तेव्हां एक निराळें, फारच बारीक जेट काम करतें. मूठ पिळली कीं मोठें जेट व त्यांत वरखालीं होणारी सुई यांचें काम सुरू होतें. मंद गतीचें बारीक जेट सर्वांत आधीं तुंबतें, हें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

मिश्रणांत पेट्रोल कमी पडलें तर त्यास आपण पातळ मिश्रण म्हणूं, आणि जास्त झालें तर दाट. पातळ मिश्रण सावकाश जळतें, आणि फारच पातळ झालें तर मुळींच पेटत नाहीं. मिनिटास ४५०० फेरे करणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनांत मिनिटास २२५० वेळां जाळ व्हावयाचा असतो, आणि दट्ट्यास वरून खालीं येण्यास सेकंदाचा सुमारें दीडशेवा भाग मिळतो. तेवढ्या अवकाशांत जळणें आटोपलें पाहिजे. न आटोपलें तर पुढचा सर्व घोटाळा.

आतां पहिला प्रकार : बार कार्बोरेटरच्या तोंडांतून, म्हणजे हवेच्या फिल्टरकडून होतो तो. ओल्या काडाची शेकोटी जशी धुमसत राहते, तसें पातळ मिश्रण धुमसत राहतें. दट्ट्या जळका धूर बाहेर घालवून वर येतो, हवा आंत घेण्याची झडप उघडते, आणि आंत अजून विस्तव शिल्लक असतो. नवें मिश्रण त्यावर येतांच जाळ उलट वाटेनें कार्बोरेटरकडे धांवतो. हाच खरा बॅकफायर. याचें मूळ जेट तुंबण्यांत असेल, पेट्रोलच्या तोटींतील जाळी भरली असेल, टाकीच्या झांकणाचें श्वासाचें भोंक बुजलें असेल, किंवा कार्बोरेटर व इंजिन यांना जोडणारें रबर तडकून तेथून चोरटी हवा शिरत असेल. पुण्याच्या कारखानदारांनीं १९७२ सालीं काढलेल्या लुना व चेतक ह्या गाड्या अद्याप ज्यांच्या घरीं आहेत, त्यांनीं इंजिनाच्या दांड्यावरील ऑईल सीलकडेही पाहावें. टू-स्ट्रोक इंजिनांत मिश्रण आधीं खालच्या पेटींत येतें. सील झिजलें कीं तेथूनच चोरटी हवा आंत येते.

मात्र आंत घेणारी झडप नीट बसत नसेल, किंवा ठिणगी वेळेआधीं पडत असेल, तरीही बार याच वाटेनें होतो. किक मारतांना पाय उलटा फेकला जातो तो बहुधा अवेळीं पडलेल्या ठिणगीचा प्रताप. तेथें कार्बोरेटर उघडून कांहीं उपयोग नाहीं. परीक्षा सोपी आहे. इंजिन तापलेलें असतां, मूठ पिळल्यावर कार्बोरेटर शिंकत असेल तर चोक थोडा ओढून पाहावा. शिंक थांबली तर मिश्रण पातळ आहे असें समजावें. न थांबली तर झडप व ठिणगी यांची तपासणी करवावी. तडकलेलें रबर शोधण्यासाठीं चालत्या इंजिनावर पेट्रोल शिंपडून पाहण्याची कांहीं ठिकाणीं चाल आहे, ती आम्हांस बिलकुल मान्य नाहीं. हातानें रबर वांकवून चीर दिसते ती पुरे.

दुसरा प्रकार सायलेन्सरमधील बाराचा, आणि आपल्याकडे अधिक ऐकूं येतो तो हाच. चांदणी चौकाकडून महामार्गानें वारज्याकडे उतरणाऱ्या जुन्या गाड्या पहांटे टपटप वाजत येतात, तो हा आवाज. उतारावर स्वार मूठ सोडून देतो. हवेचा दरवाजा जवळजवळ मिटतो, पण चाकें इंजिनास फिरवीतच असतात. आंत येणारी हवा थोडी, तींत मागचा जळका वायु पुष्कळ मिसळलेला. अशा वेळीं पेट्रोल देण्याचें काम त्या मंद गतीच्या बारीक जेटाकडे असतें. तें किंचित् तुंबलेलें असलें कीं मिश्रण इतकें विरळ होतें कीं ठिणगी पडूनही पेटत नाहीं. न पेटलेलें मिश्रण तसेंच सायलेन्सरमध्यें जातें. एकदां, दोनदां, तीनदां असें तें सांचतें. मग एखादा फटका पेटतो, त्याची ज्वाळा बाहेर येते, आणि सांचलेला सारा ऐवज एकदम उडतो. येथें मौज अशी कीं, आवाज सांचलेल्या पेट्रोलाचा असतो आणि मूळ दोष पेट्रोल कमी पडण्याचा असतो. कित्येक मिस्त्री आवाज ऐकून 'पेट्रोल जास्त येतें' असें ठरवितात, तें आणखी कमी करतात, आणि दुखणें वाढवून देतात.

मिश्रण खरोखरच दाट असलें, चोक अडकलेला असला, किंवा प्लगची ठिणगी मधून मधून चुकत असली, तरीही कच्चें पेट्रोल सायलेन्सरांत जातें. पण तेव्हां काळा धूर, पेट्रोलाचा वास व काळवंडलेला प्लग ह्यांपैकीं कोणी ना कोणी साक्षीदार हजर असतो. प्लग काढून पाहणें ही सर्वांत स्वस्त तपासणी होय. टोंक विटकरी-तपकिरी असेल तर मेळ ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर दाट. पांढुरकें असेल तर पातळ.

सायलेन्सरांत बार होण्यास पेट्रोलाबरोबर हवाही लागते, आणि ती कोठून येते हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या शेजारच्या एका दूधवाल्या गृहस्थांची हकीगत या बाबतींत सांगण्यासारखी आहे. वारजें १९९७ सालीं महानगरपालिकेंत गेलें व शेतांच्या जागीं इमारती उठल्या, तरी ह्यांनीं गोठा सोडलेला नाहीं. कोथरुडास घरोघर दूध घालतात. एके दिवशीं म्हणाले, "भाऊसाहेब, गाडीनें दोन हजार खाल्ले. कार्बोरेटर नवा बसविला, पण फटाके कांहीं थांबत नाहींत." आम्ही विचारलें, "चढावर वाजते कां उतारावर ?" "उतारावरच. चढावर दोन कॅन घेऊन मजेंत ओढते." चढावर ओढते त्या अर्थीं मोठें जेट, ठिणगी व झडपा यांवर संशय घेण्याचें कारण राहिलें नाहीं, आणि मंद गतीचें जेट तर नव्या कार्बोरेटरबरोबर नवेंच आलेलें. एका वृद्ध मिस्त्र्यांनीं सायलेन्सर इंजिनास जेथें जोडतात तो सांधा पाहिला. भोंवतीं काजळीचे फरांटे उठले होते; आंतील गॅस्केटची कडी जळून गेली होती. मूठ सोडल्यावर सायलेन्सरांत दाब वरखालीं होतो व अशा फटींतून बाहेरची हवा आंत ओढली जाते. सांचलेल्या पेट्रोलास नेमकी तीच हवी असते. कडी बदलण्यास एका लिटर दुधाइतकाही खर्च आला नाहीं, आणि फटाके थांबले. नवा कार्बोरेटर मात्र गाडीवरच राहिला !

२०१० च्या आसपासच्या व त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांस धूर स्वच्छ करण्यासाठीं फिल्टरच्या पेटीपासून सायलेन्सरच्या मुळाशीं ताजी हवा नेणारी एक रबरी नळी असते. मूठ सोडतांच ही हवा बंद व्हावी म्हणून तींत एक लहान झडप बसवितात. ती बिघडली तरीही उतारावर असेच फटाके होतात. सांधा ठीक असून आवाज थांबत नसेल तर ही झडप पाहण्यास सांगावें.

याहून जोराचा बार स्वार स्वतःच घडवून आणतो. पेट्रोल वांचावें म्हणून उतारावर किल्ली बंद करावयाची, गियर तसाच ठेवावयाचा, आणि सपाटीवर आल्यावर किल्ली पुन्हां लावावयाची, ही खोड पुष्कळांस आहे. किल्ली बंद केल्यानें ठिणगी थांबते. कार्बोरेटर थांबत नाहीं. चाकें इंजिन फिरवीत आहेत तोंवर तो पेट्रोल देतच राहतो, आणि तें सर्व कच्चेंच सायलेन्सरांत भरतें. मग किल्ली लावतांच जो बार होतो त्यानें सायलेन्सरचें पोट फाटूं शकतें. म्हणजे बचत तर नाहींच, वर सायलेन्सरचा खर्च. आणि अंधारांत उतरतांना दिवा व भोंगा बंद राहतात तें निराळेंच.

आतां पेट्रोलाच्या बदलाकडे वळूं. महाराष्ट्रांत पेट्रोलांत शेंकडा पांच इथेनॉल मिसळण्यास २००३ सालीं सुरुवात झाली. शेंकडा वीस मिश्रणाची विक्री २०२३ च्या फेब्रुवारींत सुरू झाली, आणि २०२५ सालीं देशाची सरासरीच विसावर पोंचली. इथेनॉलच्या अंगीं वजनानें शेंकडा सुमारें पस्तीस भाग प्राणवायु आधींच असतो. त्यामुळें त्यास जळण्यास वजनाच्या नऊ पटच हवा पुरते. हिशेब केला तर शेंकडा वीस मिश्रणाच्या एका लिटरास शुद्ध पेट्रोलाच्या लिटरापेक्षां सुमारें शेंकडा सात हवा कमी लागते. पण जुन्या कार्बोरेटरचें जेट तेंच व गळा तोच. तो पूर्वींइतकीच हवा आणि पूर्वींइतक्याच मापाचें इंधन देतो. अर्थात् हवा शिलकेंत पडते, म्हणजे मिश्रण पातळ होतें. ज्या गाडीचा मेळ आधींच काठावर होता, तिला एवढी तूट पुरते व ती फटाके मारूं लागते. इंजिनांत कांहींच बिघडलेलें नसतां असें होऊं शकतें, हें गाडीच्या मालकास ठाऊक असावें.

नव्या इंधनाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. कारखान्याकडून उसाचें बिल वेळेवर मिळण्याशीं त्याचा संबंध किती निकट आहे, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. परंतु नफ्याची बाजू सांगतांना खर्चाचीही सांगितली पाहिजे. नीति आयोगानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांतच असें नमूद आहे कीं, इथेनॉलरहित पेट्रोलासाठीं बनविलेल्या व शेंकडा दहासाठीं जुळविलेल्या दुचाकींची इंधनाची काटकसर शेंकडा वीस मिश्रणावर तीन ते चार टक्क्यांनीं घटते. ह्या मिश्रणाच्या चांचण्यांत ज्या संस्थेचा भाग होता, ती १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आमच्या वारज्यापासून जवळच, वेताळ टेकडीवर आहे. तिच्या शेजारांत राहणाऱ्या शेतकऱ्यास तरी ही गोष्ट ऐकीव राहूं नये.

यावर उपाय नवा कार्बोरेटर हा नव्हे. नवाही जुन्याच मापाचा असेल तर तूट तशीच राहणार. प्रथम आहे तो स्वच्छ करावा. जेट हवेच्या दाबानें साफ करावें, तारेनें टोंचूं नये, कारण छिद्र मोठें झालें कीं तें पुन्हां लहान होत नाहीं. मोठ्या जेटांतील सुईच्या डोक्याशीं खांचा असल्यास त्यांतील चिमटी एक खांच खालीं बसवावी. सुई तेवढी वर उचलली जाते व पेट्रोल वाढतें. मंद गतीसाठीं बाहेरून एक स्क्रू असतो, आणि येथें फार गोंधळ होतो. स्क्रू फिल्टरच्या बाजूस असेल तर तो बहुधा हवेचा. तो आंत पिळल्यानें मिश्रण दाट होतें. इंजिनाच्या बाजूस असेल तर तो मिश्रणाचा. तो बाहेर काढल्यानें दाट होतें. हात लावण्यापूर्वीं मूळचा स्क्रू किती फेरे होता तें मोजून कागदावर लिहून ठेवावें. मिस्त्री हंसले तरी हंसूं द्यावें. एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्बोरेटर बहुतेक नाहींसाच झाला. त्यांत पिचकारीनें मोजून पेट्रोल सोडतात, आणि सायलेन्सरच्या मुळाशीं बसविलेलें एक साधन धुरांतील प्राणवायु मोजून पेट्रोल कमीजास्त करवितें. इथेनॉलमुळें पडणारी तूट असें इंजिन बऱ्याच अंशीं आपली आपणच भरून काढतें. अशी गाडी फटाके मारूं लागली तर स्क्रू शोधण्यांत अर्थ नाहीं. सांधा, प्लग व तें साधन पाहावें. डिझेल इंजिनाचा तर प्रश्नच निराळा. खडकीस १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचीं इंजिनें आपल्या विहिरींवर पिढ्यान् पिढ्या चाललीं. त्यांत कार्बोरेटर नाहीं व प्लगही नाहीं. तीं केवळ हवा दाबतात व तापलेल्या हवेंत तेल सोडतात. म्हणून वर सांगितलेलें कांहींही त्यांस लागू करूं नये.

मुद्दाम फटाके वाजविणारे सायलेन्सर लावून हिंडणाऱ्या तरुण मंडळींविषयीं दोनच वाक्यें. गाडीच्या मूळ रचनेंत असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ नें मनाई आहे. आणि गोठ्यांत व्यालेली म्हैस असतां दारांत असा बार काढणाऱ्यास कायद्याची वाट न पाहतां घरच्यांनींच समज द्यावी.

पॉवर वीडर व गवत कापण्याच्या यंत्रांवर मात्र कार्बोरेटर अद्याप आहे, आणि तेथें दोन गोष्टींची काळजी घेतली पाहिजे. पहिली आगीची. फिल्टर काढून इंजिन चालविण्याची संवय वाईट. कार्बोरेटरमधून उलट आलेली ज्वाळा फिल्टरची पेटी अडविते, ती नसली म्हणजे थेट बाहेर येते. कडब्याच्या गंजीजवळ, खळ्यावर किंवा वाळलेल्या पाचटांत उभें राहून शिंकणारें इंजिन पुन्हां पुन्हां चालू करून पाहूं नये. तें आधीं मोकळ्या जागीं न्यावें.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. टाकींत महिनोन् महिने पडून राहिलेल्या मिश्रणांत पाणी पुरेसें झालें कीं पाणी व इथेनॉल वेगळें होऊन तळाशीं बसतें, आणि तोटी तळाशींच असल्यामुळें प्रथम तेंच कार्बोरेटरच्या वाटींत उतरतें. जुन्या यंत्रांतील रबर व जस्ती भाग त्यानें खराब होतात, आणि वाळलेल्या पेट्रोलाचा चिकट थर बारीक जेट बंद करतो. म्हणून काम संपल्यावर यंत्र ठेवण्यापूर्वीं टाकी रिकामी करावी, तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालूं द्यावें, आणि वाटीखालचा स्क्रू ढिला करून उरलेले थेंब काढून टाकावे. जेथें असें केलेलें नसेल तेथें पुढील हंगामांत दोरी ओढण्यापूर्वीं वाटी उघडून पाहावी. तळाशीं पाण्याचा थेंब किंवा पांढुरका साका आढळला तर टाकीही धुवून घ्यावी व ताजें पेट्रोल भरावें.